रेशनच्या रांगेतून आणलेली सासू

आई,

डॉक्टरांनी काही दिवस डोळ्यांना ताण देऊ नका म्हणून बजावलंय आणि मी लिहायला बसले आहे. काळा चष्मा लावून, जमाखर्चाच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर, कारण नवा कागद आणायला कोण जातंय. तुला जाऊन इतकी वर्षं झाली. घरात बोलायला माणसं आहेत, देव्हाऱ्यात देव आहेत, पण भांडायचं म्हटलं की अजून तूच लागतेस. देवाशी भांडायची मला भीती वाटते. तुझ्याशी कधी वाटली नाही, आणि तसंही त्याच्या वतीने सगळी उत्तरं तूच द्यायचीस.

कल्याणच्या आपल्या दोन खोल्या मला रिकाम्या अशा कधी आठवतच नाहीत. पत्ता विचारायला आलेला माणूस पत्ता विचारून पुढे जातो, असं सगळ्या जगात होतं. आपल्याकडे तो हातपाय धुऊन पाटावर बसायचा. एकदा तू भाजी आणायला गेलीस आणि भाजीऐवजी एक ओली बाळंतीण आणि तिचं तान्हं घेऊन आलीस, कारण म्हणे तिची गावची एसटी चुकली होती. माझं अंथरूण तिला गेलं आणि मी स्वयंपाकघरात पाण्याच्या पिंपाशेजारी झोपले. दुसऱ्या दिवशी मी तिला सहज विचारलं, ‘तुम्ही कधी जाणार?’ तू तिच्याकडे बघून हसलीस आणि ओट्याआड माझ्या दंडाला असा चिमटा काढलास की काळंनिळं झालं. मग ती गेल्यावर म्हणालीस, ‘समोर आलं ते देवाने आणलं. कधी जाणार ते आपण विचारायचं नसतं.’ मी दंड चोळत म्हटलं, ‘मग देवाने अंथरूणपण आणायचं ना सोबत.’ दादा हसले, तू हसली नाहीस. मला मात्र हे गणित तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. देवाने पाठवायचं, तू दार उघडायचंस आणि भांडी मी घासायची, ही वाटणी कोणी केली?

आणि त्या सगळ्यांमध्ये तू आणलीस ती बाई. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. तू रॉकेलसाठी रेशनच्या रांगेत गेली होतीस आणि दुपारी दारात टांगा थांबला. मी बघते तर तू एका बाईला दंडाला धरून उतरवतेयस. तिचे केस ओले, पदर ओला, अंगाला कांद्याचा वास, आणि रॉकेलचा डबा रिकामाच. ‘भोवळ आली गं बिचारीला, मटकन खाली बसली. लोक नुसते बघत उभे. मीच पुढे झाले, तोंडावर पाणी मारलं, कोणीतरी कांदा फोडून नाकाला लावला.’ त्या बाई खाटेवर पडून छताकडे बघत होत्या. तू कोकम सरबत दिलंस, मऊ भात केलास, वर मेतकूट आणि तुपाची धार. त्यांनी दोनदा भात मागून घेतला. भोवळ आलेली बाई दोनदा भात घेते हे मला तेव्हाच विचित्र वाटलं होतं. पण मला विचारतंय कोण?

संध्याकाळपर्यंत तुला कळलं की त्यांचा मुलगा कंपनीत नोकरीला आहे, लग्नाचा आहे आणि आपल्यातलाच आहे. मग काय, तुझ्या चेहऱ्यावर दिवाळी. दादा म्हणाले, ‘अगं, मुलाचा पगार, घरची माणसं, काही चौकशी तरी कर.’ तू म्हणालीस, ‘देवाने दारात आणून ठेवलंय, आणि तुम्ही चौकशा करता?’ एवढ्यावर माझं लग्न झालं, आई. लोक पत्रिका बघतात, गाव विचारतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांना गाठतात. तू एक भोवळ बघितलीस.

नवरा वाईट निघाला नाही, हे मी देवाजवळ रोज कबूल करते. गरीब स्वभाव, व्यसन नाही, आता निवृत्त आहेत आणि दिवसभर खुर्चीत बसून बातम्यांवर रागावतात. पण ज्या बाईला तू एक दुपार सांभाळलंस, तिला मी तिथून पुढे सगळा जन्म सांभाळतेय. तू सरबत दिलंस ते एकदाच. माझ्या हातच्या आमटीला त्यांनी आजवर चांगलं म्हटलेलं नाही. ‘तुमच्या कल्याणला गूळ स्वस्त होता वाटतं,’ हे ठरलेलं. कधी मी फार वैतागून म्हणायचे, ‘माझ्या आईने तुम्हाला रस्त्यातून उचलून आणलं होतं हो,’ की त्या भिंतीकडे तोंड फिरवायच्या. मला वाटायचं, एवढी कृतघ्न बाई देवाने नेमकी आपल्याच दारात कशी आणली. आता तर खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या अंथरुणालाच आहेत. सगळं जागेवर करावं लागतं. ठेवलेल्या बायका टिकत नाहीत. एक तर दुपारच्या आतच गेली. जाताना मला म्हणाली, ‘आजी चांगल्या आहेत, पण बोलतात फार लागट.’ मी म्हटलं, मला सांगतेस?

तशात माझ्या दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू. मी टाळत होते. आमटीत दोनदा मीठ पडलं ते मी हसण्यावारी नेलं. पण एका सकाळी मी सासूबाईंना झोपेची गोळी दिली. रक्तदाबाची समजून. त्या दिवसभर उठेनात. मी त्यांच्या नाकाशी हात धरून बसले, श्वास चालू आहे ना बघत, आणि तोंडाने रामरक्षा. संध्याकाळी त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, ‘चहा नाही केलास आज?’ मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आता ऑपरेशन करायलाच हवं होतं. नाहीतर पुढच्या वेळी काय दिलं असतं माझ्या हातांनी, कोणास ठाऊक. पण मी पडले तर त्यांचं करणार कोण? दिव्याला राहणाऱ्या नणंदेला फोन केला. ‘वहिनी, आमच्या बिल्डिंगला टँकर तिसऱ्या दिवशी येतो, आईला आणून आंघोळ कशात घालू?’ तेही खोटं नाही. ह्यांना विचारलं तर म्हणाले, ‘मी आहे की.’ हे आहेतच. खुर्चीत.

डोळे तपासायला ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात गेले ती एकटीच गेले. ह्यांना सोबत नेलं असतं तर सासूबाईंपाशी कोण, आणि तिकीट दोघांचं. तिथल्या मुलीने विचारलं, ‘आजी, बरोबर कोण आहे? थेंब घातल्यावर दिसणार नाही.’ मी म्हटलं, ‘खाली उभे आहेत.’ थेंब घातले आणि बाहेर आले तर आई, सगळं पांढरं. ऊन अंगावर धावून येत होतं. बसस्टॉपवर उभी राहिले, पण घरी, डोंबिवलीला जाणारी बस कुठली हे पाटी वाचता आल्याशिवाय कळणार कसं? दोन-तीन जणांना विचारलं, ते घाईत होते. मनात म्हटलं, देवा, आजवर आमच्याकडे एवढी माणसं पाठवलीस, आज एखादं माझ्याकडे पाठव, बघू तरी.

पाठवलंन. मागून कोणीतरी सरळ माझा हात धरला. ‘चल बाय, मी पन तिकरंच चालले.’ माझ्याच वयाची बाई, गळ्यात बारीक क्रूस, अंगाला सुक्या बोंबलाचा वास. तिने मला बसमध्ये चढवलं, खिडकीत ऊन लागतं म्हणून आतल्या बाजूला बसवलं, आणि शीळफाट्यापर्यंत स्वतःचं सगळं चरित्र सांगितलं. समुद्राकाठच्या गावची, नवरा गेला, शाळेत आया होती, आता मानपाड्याला मुलाकडे राहते, ठाण्याला बहिणीला बोंबील द्यायला गेली होती. मी ‘तुम्ही’ म्हणत होते, ती सुरुवातीपासून ‘तू’. मी आभार मानले तर म्हणाली, ‘आभार कसले गो. मी रोज सकाली देवाकरं मागते, आज कुनी गरजू भेटव. आज दुपार झाली तरी कोन भेटला नाय. मना वाटला, दिवस फुकट गेला. मग तू दिसलीस, डोले मिचकावत उभी.’

गरजू! मी! आई, मी तुझी मुलगी. माझ्या अंथरुणात अख्ख्या कल्याणची माणसं झोपून गेली, मी कोणाकडे कधी वाटीभर साखर मागितली नाही, आणि ही बाई बसमध्ये चारचौघांत मला गरजू म्हणते. मी तिला सांगितलं, ‘अहो, मी काही गरजू नाही, फक्त थेंब घातलेत.’ ती म्हणाली, ‘हां हां, थेंब तर थेंब,’ आणि हात काही सोडला नाही. आमच्या स्टॉपवर उतरवलं, गटारावरची फरशी तुटलीय तिथून वळवलं, जिना चढवला. दारात मी तिला म्हटलं, ‘बरं, या आता.’ तेवढ्यात हे आतून ओरडले, ‘कोण आलंय? या, या, बसा ना!’ हे तर तुझेच जावई शोभतात.

ती आत आली, सासूबाईंना बघितलं, त्यांची पाठ बघितली, उशी नीट केली. सासूबाईंनी मला विचारलं, ‘ही कोण?’ मी हळूच म्हटलं, ‘ख्रिश्चन आहेत, बसमध्ये भेटल्या.’ मला वाटलं आता सोवळंओवळं निघणार. तर म्हणतात, ‘हात गरम आहेत हिचे. मागच्या बाईचे बर्फ होते.’ ती बाई हसली आणि मला म्हणाली, ‘तुजा आपरेशन झाला की मी येते, म्हातारीचा बगते.’ मी म्हटलं, ‘नको हो, कशाला उपकार.’ म्हणाली, ‘उपकार काय, मी मागून घेतलाय.’ पैसे देऊ केले तर हात मागे घेतला. आता हे मी वहीत कुठल्या रकान्यात लिहू? जमेला लिहू की खर्चाला?

पण दुसरा इलाज नव्हता. ऑपरेशन झालं. आल्यावर मला आतल्या खोलीत निजवलं, डोळ्यावर झाकण, कूस बदलायची नाही, शिंकायचं नाही, खाली वाकायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही. बाहेरच्या खोलीत ती बाई आणि सासूबाई. मला वाटलं होतं तासाभरात भांडण होईल. तर ह्या दोघींची गोलमेज परिषद! सासूबाई इतकं बोलतात हे मला माहीत नव्हतं. आणि बोलता बोलता म्हणतात, ‘हिची आई फार देवभोळी हो. रेशनच्या रांगेत माझ्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून मी पायरीवर बसले. तर ही बया आली कुठून, आणि तोंडावर भसाभसा पाणी!’

‘चक्कर आली असंल तुला,’ ती बाई म्हणाली.

‘कसली चक्कर? मी म्हणतेय, अहो, मला काही झालं नाही. तर म्हणे, बोलू नका, बोलू नका, जीव घाबरेल. चार माणसं जमली. कोणी कांदा फोडून नाकात घातला. एवढी गर्दी झाल्यावर नुसती चप्पल तुटली म्हणून कसं सांगू? लाज वाटली. मग मीच डोळे मिटून घेतले.’

ती बाई इतकी हसली की खाट हलल्याचा आवाज मला आत आला. मग तिने विचारलं, ‘मग घरी नेल्यावर तरी सांगायचा ना, आजी.’

मग सासूबाई म्हणाल्या, ‘सांगणार होते. तेवढ्यात तिने भात वाढला. घरात भांडण झालं होतं, आदल्या दिवसापासून मी जेवले नव्हते आणि कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. हिच्या आईने विचारलंच नाही, ताट पुढ्यात ठेवलं. मग म्हटलं, राहू दे, आली असेल चक्कर.’ आणि लगेच पुढे, आवाज चढवून, मला ऐकू यावं असा, ‘पण म्हणून काय जन्मभर ऐकायचं? माझ्या आईने उचलून आणलं, माझ्या आईने उचलून आणलं. एका माणसाला किती वेळा उचलायचं गं?’

मी आत पडून होते. हसायचं नव्हतं, रडायचं नव्हतं, उठून जाब विचारायचा तर डोकं हलवायचं नव्हतं. आई, तू मला सांग. माझा संसार, माझी मुलं, माझी ही अंथरुणावरची सासू, सगळं एका तुटलेल्या अंगठ्यावर उभं आहे? धडधाकट बाईला भिजवून, टांग्यात घालून, तू तिची विहीण झालीस, आणि तिने लाजेपोटी एक शब्द काढला नाही, आणि तू मरेपर्यंत आल्यागेल्याला सांगत राहिलीस की बघा, देव कसा भेटवतो. ह्यात देव नेमका कुठे होता? चपलेत? तू ‘हो’ म्हणशील, मला माहीत आहे, म्हणून विचारतच नाही. पण मग त्याला भात द्यायचाच होता तर त्याने सरळ सांगावं, ही बाई उपाशी आहे, हिला जेवू घाल. कांदा फोडायची काय गरज? तुला चूक तेच दिसलं आणि हातून बरोबर तेच झालं, हे बघून मला जास्तच राग येतो. निदान पूर्ण चुकली असतीस तर मला एकदा तरी तुझ्यावर मात करता आली असती.

आणि दुसरी गोष्ट, जी मला तिथे पडल्या पडल्या टोचत राहिली. बसमध्ये ‘गरजू’ ऐकल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ना, ती फक्त एका दिवसाची. सासूबाईंना ती मी रोजच्या आमटीबरोबर वाढत आलेय म्हणे. मी इतकं बोलते? बोलत असेन. त्याही काही कमी बोलत नाहीत, गूळ काढतातच. पण ह्या वेळी त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी चष्मा लावून बाहेर आले तर माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘ऐकलंस ना?’ मी म्हटलं, ‘ऐकलं.’ ‘मग आता पुन्हा म्हणू नकोस.’ मी म्हटलं, ‘मग तुम्ही गुळाचं म्हणू नका.’ त्यावर बराच विचार करून म्हणाल्या, ‘ते बघू.’

आता एक डोळा लख्ख आहे. गोळ्यांच्या पट्टीवरची बारीक अक्षरंसुद्धा दिसतात. त्याच डोळ्याने हेही दिसलं की भिंतींना रंग द्यायला झालाय आणि मी म्हातारी झालेय. दुसऱ्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. ती बाई अजून येते, दुपारची, सासूबाईंचे केस विंचरते. पुन्हा ऑपरेशनच्या दिवसांत राहाल का, हे तिला विचारायला हवं. मागच्या वेळी तिने आपणहून म्हटलं होतं, ह्या वेळी मला मागायला लागणार, आणि ते मला जमत नाही. तू शिकवलंस ते दार उघडायला. दुसऱ्याच्या दारात उभं कसं राहायचं ते कुठे शिकवलंस? तुला स्वतःला तरी येत होतं का?

काल ती आलीच नाही. निरोप नाही, काही नाही. आणि माझं डोकंच फिरलं. मला वाटलं, झालं, सकाळी मागितली असेल आणि भेटली असेल कोणीतरी दुसरी गरजू, माझ्याहून जास्त आंधळी. आज आली. नातीला ताप होता म्हणे. मी तुटकपणे म्हटलं, ‘काल आला नाहीत.’ ती पायातल्या चपला काढता काढता म्हणाली, ‘वाट बगितलीस काय गो?’ मी म्हटलं, ‘छे, मला कुठे वेळ आहे वाट बघायला?’ आणि त्याच सपाट्यात, तिच्याकडे न बघता, दुसऱ्या डोळ्याची तारीख सांगून टाकली. ती म्हणाली, ‘येईन ना.’ एवढंच. खाटेवरून सासूबाई म्हणाल्या, ‘विचारलं का एकदाचं?’

हे कुठे धाडायचं नाहीये. फडताळात डाळीच्या डब्याखाली घालायला कागद लागतोच, तिथे जाईल. पण तिला सांगितलं नाही ते तुला सांगते. काल तिच्या वाटेकडे डोळे लावून मी तिचा चहा दोनदा गरम केला, आणि मग ओतून दिला. गॅस जाळून चहा ओतून देणं मला कसं चालत नाही, ते तुला ठाऊक आहे.